कनवटीचा पैसा आणि मोबाईलमधील बटवा

(आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, पाबळ मुक्कामी दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषयाची निवड त्यांनी आमच्यावरच सोपविली होती. शिक्षणाचे महत्त्व, विवाहखर्चास आळा, व्यसनमुक्ती हे विषय या व्यासपीठावर वर्षानुवर्षे होत आले आहेत आणि आमच्याहून अधिकारी वक्त्यांनी ते हाताळले आहेत. आम्ही त्यांच्या वाटेस न जाता पैशाचा विषय घेतला आहे. पैसा मिळवावा कसा हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. उभा जन्म शाळामास्तरकीत गेलेल्या मनुष्यास ते कोणी विचारणारही नाही. परंतु रोजच्या देण्याघेण्यात तो सांभाळावा कसा, याविषयी थोडे वाचले, पाहिले आणि विचारले आहे, ते आपणांपुढे ठेवावे असे वाटते.

विषय निवडण्यास निमित्तही झाले. आज तिसऱ्या प्रहरी भरणाऱ्या सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव यावयाचा आहे. विद्यार्थी साहाय्य निधीची वर्गणी यापुढे शक्यतो रोख न घेता मोबाईलवरून थेट मंडळाच्या बँकखात्यात घ्यावी आणि मुलांना द्यावयाची मदतही त्यांच्या खात्यातच पाठवावी, असा तो ठराव आहे. त्यास काही वडीलधाऱ्यांचा विरोध आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. काल सायंकाळीच एक वयोवृद्ध काका आम्हांस म्हणाले, ''गुरुजी, नोट निदान डोळ्यांना दिसते. हा तुमचा पैसा दिसत नाही, त्याचा आवाज होत नाही, आणि गेला तर कोणाच्या दारात जाऊन मागायचा तेही कळत नाही.'' या बोलण्यास अडाणीपणा म्हणण्याची आमची तयारी नाही. काकांनी तीन वाक्यांत जे विचारले, त्याचेच उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम दिसणाऱ्या पैशाकडे पाहू. आमच्या आजोबांच्या पिढीत पैसा कनवटीला असे. दूरच्या प्रवासास निघाले म्हणजे कमरेस कसा बांधीत. स्त्रिया पदराच्या गाठीत किंवा कमरेच्या पिशवीत ठेवीत. घरी तो उतरंडीच्या तळाशी, धान्याच्या कणगीत, नाहीतर देवघराच्या कोनाड्यात असे. या प्रत्येक जागेचा चोरास पत्ता असे. घरच्या मनुष्यास कधीकधी नसे. म्हातारी अकस्मात गेली आणि तिचा साठा वाळवीने खाल्ल्यावर सापडला, अशी उदाहरणे आपल्यापैकी अनेकांच्या घरी घडली असतील. आपल्याकडील शेतकरी चाकणच्या बाजारात कांदा घालतो, आडत्याकडून पट्टीचे पैसे घेतो आणि एस.टी.च्या गर्दीत उभ्याने घरी येतो. त्या दीडदोन तासांत त्याचा एक हात वरच्या दांडीला आणि दुसरा खिशावर असतो. चार महिन्यांच्या घामाचे मोल एका ब्लेडच्या अंतरावर असते. खिसा कापला गेला तर त्या नोटांवर त्याचे नाव नसते. मिळालेच तरी ते आपलेच, हे तो सिद्ध करू शकत नाही.

खोट्या नोटेची गोष्ट त्याहून कठीण. बाजारात मिळालेली पाचशेची नोट बँकेत भरावयास नेली आणि ती खोटी निघाली, तर बँक ती जप्त करते आणि तिच्या बदली एक पैसाही मिळत नाही. ज्याने दिली तो निघून गेलेला असतो. ज्याने विश्वासाने घेतली तो बुडतो. आणि सरकारनेच नोट रद्द केली तर? १९४६ साली, १९७८ साली आणि ८ नोव्हेंबर २०१६ रोजी असे तीनदा घडले. पहिल्या दोन वेळी फार मोठ्या रकमेच्या नोटा गेल्या, म्हणून आपल्यासारख्यांना त्याची झळ लागली नाही. तिसऱ्या वेळी मात्र पाचशे आणि हजाराच्या नोटा गेल्या, आणि घरोघरच्या डब्यांतून आयाबहिणींची गुप्त शिल्लक बाहेर आली. त्या दिवसांत कित्येक घरांत नवऱ्याला प्रथमच कळले की बायको आपल्याहून अधिक श्रीमंत आहे! विनोद सोडा, परंतु ती शिल्लक त्या स्त्रीचा आधार होती, आणि उघड झाल्यावर ती सगळीच तिच्या हाती राहिली असे नाही. हा मुद्दा आपण लक्षात ठेवावा, कारण त्याकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे.

आता न दिसणारा पैसा. हा काही काल जन्मास आला, असे समजण्याचे कारण नाही. आपण ज्या गावात बसलो आहोत, त्याचे नाव थोरल्या बाजीरावांच्या काळाशी जोडलेले आहे. मस्तानीची समाधी इथे आहे, आणि पाबळ, केंदूर व लोणी ही गावे तिच्याकडे इनाम होती असे सांगतात. त्या काळी उत्तर हिंदुस्थानातून पुण्यास येणारा पैसा सगळाच काही उंटांवर लादून येत नसे. वाटेत चोर, पेंढारी, नदीचे पूर. इतकी जोखीम कोण पत्करणार? म्हणून सावकार हुंडी लिहीत. एका गावच्या पेढीवर रुपये भरावेत, कागद घ्यावा, आणि दुसऱ्या गावच्या पेढीवर तो दाखवून रुपये घ्यावेत. पेशवाईच्या दप्तरांत 'वरात' हा शब्दही येतो. तो लग्नाच्या वरातीचा नव्हे; अमुक परगण्याच्या वसुलातून अमुक माणसास इतकी रक्कम द्यावी, अशा लेखी आज्ञेला वरात म्हणत. पैसा जागचा न हलता हक्क हलत असे.

त्या हुंडीची रचना मोठी चतुर होती. दाखविताक्षणी पैसे द्यावयाची ती दर्शनी, ठरलेल्या दिवसांनंतर द्यावयाची ती मुदती. शाहजोग हुंडीचे पैसे कोणाही उपटसुंभास मिळत नसत; बाजारात पत असलेल्या प्रतिष्ठित सावकारामार्फतच ती वटत असे. म्हणजे नुसता कागद चोरून चोराचा लाभ नव्हता, कारण कागदाबरोबर ओळख लागे. रकमेत कोणी शून्य वाढवू नये म्हणून रक्कम अंकांत आणि अक्षरांत लिहून वर 'निमे इतके, त्याचे दुप्पट इतके' असे नोंदवीत. शंभराची हुंडी असेल तर 'निमे पन्नास, त्याचे दुप्पट शंभर'. गणित शिकविलेल्या माणसास ही युक्ती पाहून आनंद होतो. लबाडाला एक आकडा बदलून भागत नसे, सगळे जुळवावे लागे. आणि हुंडी हरवली तर? तर तिची दुसरी प्रत देत, तिला पैठ म्हणत. तीही गहाळ झाली तर परपैठ. एका हुंडीचे पैसे एकदाच दिले जात आणि त्याची नोंद दोन्ही पेढ्यांच्या वह्यांत राही.

मोबाईलवरून पैसे देण्याच्या आजच्या पद्धतीत जे तत्त्व आहे, ते आमच्या मते याहून फार निराळे नाही. ओळख पटवा, रक्कम पक्की करा, नोंद दोन्हीकडे ठेवा. फरक एवढाच की जे काम करावयास सावकाराच्या कासदास पंधरा दिवस लागत, ते आता आपण मिरच्या तोलून होईपर्यंत उरकते.

ही पद्धत आपल्या देशात कशी आली ते थोडक्यात सांगतो. निरनिराळ्या बँकांमधील देवघेव एका सूत्रात आणण्यासाठी २००८ साली राष्ट्रीय देयक महामंडळ स्थापन झाले. त्या संस्थेने तयार केलेली 'यूपीआय' ही योजना ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईस रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर डॉ. रघुराम राजन यांच्या हस्ते सुरू झाली. त्याच वर्षी ३० डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव स्मरून 'भीम' हे ॲप निघाले. आज या मार्गाने होणाऱ्या व्यवहारांची संख्या ऐकून छाती दडपते. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात ती दोन हजार कोटींच्या वर गेली.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. लोक सरसकट सर्वांनाच 'वॉलेट' किंवा 'डिजिटल पाकीट' म्हणतात. वस्तुतः प्रकार दोन आहेत. पहिला खरा बटवा: त्यात आधी पैसे भरावयाचे आणि मग त्यातून खर्च करावयाचे. दुसरा यूपीआय: त्यात बटव्यात काहीच नसते, पैसे बँकेतील आपल्या खात्यातून परभारे दुसऱ्याच्या खात्यात जातात. मोबाईल ही तेथे केवळ किल्ली असते. आणखी एक मधला प्रकार २०२२ पासून निघाला आहे, त्यास 'यूपीआय लाइट' म्हणतात. त्यात जास्तीत जास्त पाच हजार रुपये ठेवता येतात, एका वेळी हजारापर्यंत देता येतात आणि त्यास परवलीचा अंक लागत नाही. बाजारास निघालेली शहाणी गृहिणी सगळी पुंजी बरोबर घेत नाही; लागेल तेवढीच पदराच्या गाठीस बांधते आणि उरलेली घरी कुलपात ठेवते. लाइट म्हणजे ती पदराची गाठ. गेलीच तर गाठीपुरती जाईल. परंतु या गाठीस अंकाचे कुलूप नसल्यामुळे मोबाईलला मात्र कुलूप असलेच पाहिजे.

यूपीआयला कुलपे किती, ते पाहा. प्रथम नोंदणी करताना आपला मोबाईल बँकेस आपोआप एक संदेश धाडतो. तो ज्या सिमकार्डावरून जातो तोच क्रमांक बँकेत नोंदलेला असेल, तरच खाते जोडले जाते. म्हणजे तेच सिम आणि तोच मोबाईल, ही पहिली अट. मोबाईल उघडण्याचे कुलूप ही दुसरी. त्यानंतर प्रत्येक देण्याच्या वेळी चार किंवा सहा आकडी परवलीचा अंक, ज्यास पिन म्हणतात, ही तिसरी. हा अंक सांकेतिक रूप घेऊन बँकेकडे जातो. दुकानदारास तो दिसत नाही, आणि ठराविक वेळा चुकला तर बँक ते दार काही काळ बंद करते. दुकानदारास आपला खातेक्रमांकही कळत नाही. पूर्वी हॉटेलातील पोऱ्या आपले कार्ड आत घेऊन जाई आणि त्यावरचा सगळा मजकूर त्यास उतरून घेता येई. आता तशी सोय चोरास राहिली नाही. कार्डांच्या बाबतीतही १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने व्यापाऱ्यांना गिऱ्हाइकाच्या कार्डाचा क्रमांक जवळ साठविण्यास मनाई केली आणि त्याजागी बदली चिन्ह वापरावे असे ठरविले.

आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे नोंद. मोबाईलने दिलेल्या प्रत्येक रुपयास तारीख, वेळ, घेणाऱ्याचे नाव आणि व्यवहाराचा क्रमांक असतो. उधारीची वही हरवते, पावतीपुस्तकाची दुसरी प्रत सापडत नाही. ही नोंद मात्र बँकेत राहते. ''मी दिले होते'', ''मला मिळाले नाहीत'', या दोन वाक्यांनी आपल्या ज्ञातीतील किती घरांचे येणेजाणे बंद झाले आहे, याचा हिशेब आम्ही मांडत नाही. येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांस तो ठाऊक आहे.

रोकड कमी झाली की दंडेलीची चोरी कमी होते, याला परदेशातही आधार मिळाला आहे. अमेरिकेतील मिसूरी संस्थानात १९९० च्या दशकात गरिबांना मिळणारी सरकारी मदत धनादेशाऐवजी कार्डावर देण्यास आरंभ झाला. धनादेश वटवून लोक रोकड खिशात घेऊन हिंडत, ते थांबले. अभ्यासकांनी पुढे जिल्हावार आकडे तपासले तेव्हा त्यांना एकूण गुन्ह्यांत सुमारे दहा टक्के घट आढळली. आफ्रिकेतील केनिया देशात २००७ साली 'एम-पेसा' निघाली, तेव्हा साध्या बटनांच्या फोनवरूनच शहरातील कामकरी आपल्या खेड्यातील आईस पैसे पाठवू लागला. बसच्या वाहकाजवळ पाकीट देऊन ते पोहोचेल की नाही याची वाट पाहणे संपले. आपल्याकडेही ८ मार्च २०२२ पासून साध्या फोनसाठी तशी सोय आहे. तिचा प्रसार मात्र फार नाही.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर आमचे बोलणे जाहिरात ठरेल.

१ डिसेंबर २०१६ रोजी ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून गाजावाजाने जाहीर झाले. दुकानादुकानांत कार्डाची यंत्रे बसली, वडापावही कार्डावर मिळू लागला. पुढे गावात रोकड पुन्हा रुळली. यंत्र बसविले म्हणजे सवय बसत नाही, हे त्यावरून दिसले. आपल्या पाबळकरांना हे निराळे सांगावयास नको. इथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम काढला, तेव्हा मुलांना यंत्र हाताळू द्यावे, काम करता करता शिकू द्यावे, असाच त्यांचा आग्रह होता. डॉक्टर २००३ साली गेले. परंतु ज्या गावाच्या माळावर खेड्यातील मुले वेल्डिंगपासून विजेच्या जोडणीपर्यंत सर्व हाताने शिकली, त्या गावात मोबाईलवरून शंभर रुपये पाठविण्याची भीती वाटावी, याचे आम्हांस नवल वाटते.

पुण्याचेच दुसरे उदाहरण पाहा. कॉसमॉस बँक ही १९०६ साली स्थापन झालेली जुनी सहकारी बँक. ऑगस्ट २०१८ मध्ये, ११ आणि १३ तारखेस, तिच्या संगणकयंत्रणेत परदेशस्थ चोर शिरले आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डे तयार करून २८ देशांतील एटीएम यंत्रांतून काही तासांत त्यांतील बहुतेक पैसे काढले गेले. खातेदारांच्या ठेवींना धक्का लागला नाही, असे बँकेने तेव्हाच जाहीर केले. नुकसान बँकेने सोसले. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने या कटातील अकरा जणांना शिक्षा केली. यातून दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. बँकेची तिजोरीही फुटू शकते, ही पहिली. दुसरी अशी की ती फुटली तेव्हा सामान्य खातेदार उघड्यावर पडला नाही. उतरंडीतला पैसा चोरीस गेल्यावर त्याला असा कोणी वाली नसतो.

बटव्याच्या बाबतीतही सावधगिरी हवी. ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले आणि १५ मार्चनंतर तिच्या खात्यांत व बटव्यांत नवीन रक्कम भरणे थांबले. असलेली शिल्लक वापरण्यास व काढून घेण्यास मुभा होती, तरी अनेकांची तारांबळ उडाली. बँकेतील ठेवीस पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. बँकेतर कंपनीच्या बटव्यात ठेवलेल्या रकमेस ते नसते. म्हणून बटव्यात किरकोळ खर्चापुरते ठेवावे, पुंजी ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परंतु बंधुभगिनींनो, कुलूप तोडून होणाऱ्या चोऱ्या थोड्या. हल्लींचा चोर कुलूप तोडीत नाही; तो आपल्याच हातून किल्ली मागून घेतो. आपल्या ज्ञातीतील, पुण्यास राहणाऱ्या एका गृहस्थांनी जुने दिवाण-कपाट विकावयास काढले. समोरच्याने आपण लष्करात आहोत असे सांगितले, घासाघीस केली नाही, आणि ''पैसे पाठवतो, ही चौकट स्कॅन करा आणि पिन टाका म्हणजे तुमच्या खात्यात जमा होतील,'' असे म्हणाला. पिन टाकताच बारा हजार जमा होण्याऐवजी गेले. ''पुन्हा टाका, चुकून उलटे झाले,'' म्हणाला. पुन्हा बारा हजार गेले. यातले मर्म एका वाक्यात आहे आणि ते प्रत्येक घरात भिंतीवर लिहून ठेवावे: पैसे घेण्यास पिन लागत नाही, पिन लागतो तो फक्त देण्यास. एखाद्याने आपल्याकडे पैशाची मागणी धाडावयाची आणि आपण ती चुकून मान्य करावयाची, हा मार्गही पुष्कळ गैरवापरला गेला. तेव्हा महामंडळाने व्यक्ती-व्यक्तींमधील अशी मागणी १ ऑक्टोबर २०२५ पासून बंदच केली. तथापि चौकट स्कॅन करण्याची फसवणूक त्याने थांबत नाही.

वीज आज रात्री साडेनऊला तोडण्यात येईल असा संदेश, बँकेचे खाते बंद होणार असा फोन, मोबाईलच्या पडद्यावरचे दुसऱ्यास दिसू लागेल असे ॲप उतरवून घेण्याचा आग्रह, या सर्वांची जात एक. घाई लावावयाची आणि विचारास सवड द्यावयाची नाही. 'डिजिटल अटक' म्हणून पोलिसी वेशातील माणसे मोबाईलवर दिसतात आणि वृद्धांना दिवसचे दिवस खोलीत बसवून ठेवतात. अशी कोणतीही अटक कायद्यात नाही. हे पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या आपल्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले, तरी सुशिक्षित माणसे अजून फसतातच.

एक प्रकार मात्र खास आपल्यासारख्यांसाठी आहे. लग्नपत्रिका म्हणून मोबाईलवर एक फाईल येते. उघडली की ती पत्रिका नसते. ते चोराचे ॲप असते आणि ते आपले संदेश वाचू लागते. आपल्या ज्ञातीत लग्नसराईत रोज चार पत्रिका येतात. कोणाची आहे हे न पाहता आपण उघडतो, कारण न उघडणे हा सोयरिकीचा अपमान वाटतो. पत्रिका चित्ररूपात असेल तर हरकत नाही. 'इन्स्टॉल करा' असे म्हणणारी पत्रिका कोणाचीही असो, तिच्या यजमानास आधी फोन करावा.

आणि आता थोडे कडू बोलावयाचे आहे. चालकांनी राग मानू नये. ज्या स्मरणिकेत हे व्याख्यान छापले जाणार, तिच्या शेवटच्या पानांत दरवर्षी वधू-वरांची सूची आणि सभासदांची नामावली छापतो. त्यात पूर्ण नाव, जन्मतारीख, वेळ, मूळ गाव, वडिलांची नोकरी, मामाचे कुळ, घरचा पत्ता आणि मोबाईलचा क्रमांक, सारे असते. पूर्वी ही वही ज्ञातीच्या चारशे घरांतच राही. आता तिचे फोटो घटकाभरात कोठल्या कोठे जातात. फोनवर कोणी मामाचे नाव घेऊन, गावाचे नाव घेऊन बोलू लागला की आपण त्यास आपला मानतो. शिवाय कितीतरी लोक आपले किंवा मुलाचे जन्मवर्ष हाच पिन ठेवतात, आणि ते आम्ही छापून घरपोच देतो! आमची सूचना अशी की यापुढे सूचीत जन्मतारीख व मोबाईल क्रमांक छापू नयेत. क्रमांक मंडळाच्या कार्यालयात ठेवावेत आणि विचारणाऱ्याची ओळख पटल्यावर द्यावेत. शाहजोग हुंडीस ओळख लागत होती, तर शाहजोग सोयरिकीस का लागू नये?

आता मघाशी राखून ठेवलेला स्त्रियांचा मुद्दा. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार रुपये पात्र स्त्रियांच्या आधारशी जोडलेल्या खात्यांत थेट जमा होऊ लागले. निराधार आणि विधवा भगिनींची मदतही खात्यात येते. डब्यातला पैसा सापडला की हातचा जाई. खात्यातला पैसा तिच्या पिनाशिवाय हलत नाही. पण ज्या घरात आजीचा पिन नातवास पाठ आहे आणि मोबाईलही त्याच्याच खिशात आहे, तेथे ते खाते नावापुरते आजीचे. नातू गुणी असेल, बहुतेक असतातच. तरीही अंक आजीनेच दाबावा. दिसत नसेल तर आकडे मोठे करून द्यावेत, दहा वेळा शिकवावे. आम्ही पहिलीच्या मुलांना बाराखडी शिकविली आहे, तेव्हा साठीनंतर चार आकडे लक्षात राहत नाहीत, हे आम्ही मान्य करणार नाही. नातवंडांना आमचे एवढेच सांगणे की शिकवताना मास्तरांची छडी आठवा आणि ती घरीच ठेवून जा.

काकांचा शेवटचा प्रश्न राहिला: गेला तर कोणाच्या दारात जावयाचे? दारे आहेत. फसवणूक लक्षात येताच १९३० या क्रमांकावर फोन करावा. पैसे चोराच्या खात्यातून पुढे निघून जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली तर ते गोठविता येतात, म्हणून इथे तासाला किंमत आहे; घरात कोण काय म्हणेल या लाजेत रात्र घालवू नये. आपल्या बँकेसही लगेच कळवून तक्रारीचा क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरविले की आपलीही चूक नाही आणि बँकेचीही नाही, अशा रीतीने तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर आपली जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळविले तर ती मर्यादित. कंपन्यांच्या बटव्यांनाही अशाच मर्यादा २०१९ पासून लागू झाल्या. मात्र आपणच पिन किंवा ओटीपी सांगितला असेल तर कळविण्यापूर्वी झालेले नुकसान आपल्या माथी राहते. हा भेद कठोर आहे, पण तो जाणून असावे. बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. मोबाईलच हरवला तर प्रथम सिम बंद करावे, मग बँकेस सांगावे, आणि 'संचार साथी' या सरकारी सेवेवरून तो मोबाईल निकामी करून घ्यावा.

आता आजच्या ठरावापुरते. आमचा त्यास पाठिंबा आहे, परंतु तीन दुरुस्त्यांसह. वर्गणीची क्यूआर चौकट मंडळाच्याच नोंदणीकृत खात्याची असावी. कोणाही पदाधिकाऱ्याच्या खासगी खात्याची क्षणभरही नसावी, तो पदाधिकारी कितीही सचोटीचा असो. चौकटीवर दुसरी चिकटवून पैसे वळविण्याचे प्रकार दुकानांत घडतात, म्हणून ती काचेच्या आत लावावी, आणि देणाऱ्याने पडद्यावर उमटणारे नाव मंडळाचेच आहे ना, हे वाचूनच पुढे जावे. कोषाध्यक्षांनी दात्याच्या मोबाईलवरील 'पैसे गेले' हे चित्र पाहून पावती फाडू नये; तसली चित्रे बनावट करता येतात. आपल्या खात्यात जमा झाल्याचे पाहावे, मग पावती द्यावी. आणि ज्या वृद्धांना रोखच द्यावयाचे आहे त्यांचे पैसे मानाने घ्यावेत. त्यांच्या पन्नास-पन्नास रुपयांवर हा निधी उभा राहिला आहे. त्यांना दारातून परत पाठवील अशी कोणतीही सुरक्षितता आम्हांस नको आहे.

सभेनंतर विज्ञान शाखेत शिकणारी आपली चार मुले-मुली मंडपाच्या उजव्या कोपऱ्यात बसणार आहेत. ज्यांच्या मोबाईलला कुलूप नाही, ज्यांचा पिन जन्मवर्षाचा आहे, किंवा ज्यांस लाइटची सोय करून घ्यावयाची आहे, त्यांनी चहा घेऊन तिकडे जावे. मुले सर्व दाखवितील. नवा अंक टाकण्याची वेळ आली की ती तोंड दुसरीकडे वळवतील, असे आम्ही त्यांना बजावले आहे. न वळविल्यास आपणच त्यांना तसे सांगावे.